मामांची गाडी, मामींचा आकडा

सुरुवातीलाच कबुली देते. मी कॉन्व्हेंटमधली. दहावीनंतर मराठीत सलग दोन पानं लिहायची ही पहिलीच वेळ. संपादक मंडळातल्या सिनिअर ताईनं धरलं म्हणून लिहितेय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या, हिशेब मात्र तपासून बघा. हिशेबाची जबाबदारी पूर्णपणे माझी!

माझे मोठे मामा अंजनगाव सुर्जीला असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून मे 2023 मध्ये निवृत्त झाले. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तर मामा मोबाईलवर काहीतरी बघण्यात गुंग. अमेरिकेतलं एक म्हातारं जोडपं बससारख्या गाडीत राहत होतं. गाडीतच पलंग, गाडीतच ओटा, गाडीतच न्हाणीघर. मामा म्हणाले, "तू मेकॅनिकलची हायस नं? मंग मले सांग, आपल्याले असं जमते का नाई. टेम्पो ट्रॅव्हलर घेतो, आत घर बनवतो, अन् मी अन् तुही मामी कायमचे निंगतो." आजूबाजूचे सगळे हसले. मामी हसल्या नाहीत. त्या पानमळ्यातून आलेली पानं पुसत होत्या, पुसतच राहिल्या.

सबमिशन संपल्या होत्या, व्हायवा लांब होती. म्हटलं, करूनच बघू हे प्रोजेक्ट.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते. अमेरिकेत अशा गाडीला आरव्ही म्हणतात. घर विकून कायमचे गाडीतच राहणारे 'फुल-टायमर' तिथे पुष्कळ आहेत आणि त्यांत निवृत्त माणसांचा भरणा मोठा. हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाच्या छोट्याशा गावाभोवती अशा गाड्यांची जत्रा भरते. पत्ता हवा म्हणून टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटात टपालापुरता पत्ता घेतात. पण ही सगळीच मंडळी हौशी नसतात. 2020 चा 'नोमॅडलँड' सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, घरभाडं परवडत नाही म्हणून गाडीत राहायला गेलेलेही त्यात आहेत.

आणि फिरतं बिऱ्हाड आपल्याला तरी कुठे नवीन आहे? घोड्यावर संसार लादून मेंढ्यांमागे चालणारे धनगर, बैलगाडीत घर असलेले गाडीलोहार आपण रस्त्यावर बघतोच. खुद्द गाडगेबाबा आमच्या अंजनगाव तालुक्यातले. शेंडगावला 23 फेब्रुवारी 1876 ला जन्मले, आयुष्यभर फिरत राहिले आणि 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ वाटेतच गेले. त्यांचं अंदाजपत्रक म्हणजे एक गाडगं आणि एक खराटा. मामांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "बाबाले गुडघेदुखी नोती, बाई."

असो. हिशेबाकडे वळू. आकडे मुद्दाम गोल केलेत, कारण घरचे खरे आकडे मासिकात छापणं मामांना पसंत नाही. पण प्रमाण तेच ठेवलंय.

शेवटचा मूळ पगार 70,000 धरा. मामा नोव्हेंबर 2005 च्या खूप आधी लागलेले, म्हणून त्यांना जुनी पेन्शन आहे. ती मूळ पगाराच्या निम्मी, म्हणजे 35,000. त्यातली 40 टक्के त्यांनी विकली. 'पेन्शन विकणं' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दचकलेच होते. सरकारी भाषेत त्याला अंशराशीकरण म्हणतात. पेन्शनचा काही भाग सोडून द्यायचा, बदल्यात एकरकमी पैसे घ्यायचे आणि 15 वर्षांनी तो भाग पुन्हा सुरू होतो. म्हणजे दरमहा 14,000 कमी, हातात 21,000. महागाई भत्ता मात्र पूर्ण 35,000 वर मिळतो. तो सोयीसाठी 50 टक्के धरला तर 17,500. एकूण महिन्याला 38,500.

एकरकमी पैसे म्हणाल तर विकलेल्या पेन्शनचे साधारण 14 लाख, ग्रॅच्युइटीचे 14 लाख, जीपीएफचे 8. त्यातले 10 लाख ताईच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये गेले. उरलेल्या 26 पैकी 20 लाख पोस्टात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, 14 आणि 6 लाखांच्या दोन खात्यांत. बाकीचे 6 लाख अडीअडचणीला बँकेत. पोस्टाचा दर तेव्हा 8.2 टक्के होता आणि या योजनेत पैसे टाकले त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. म्हणजे 20 लाखांवर वर्षाला 1,64,000, महिन्याला साधारण 13,667.

आता गाडी. गावात दोन गॅरेजवाल्यांना आणि अमरावतीत एका बॉडी बिल्डरला विचारलं. पाच वर्षं जुनी ट्रॅव्हलर 8 लाख, आतलं फर्निचर, पाण्याची टाकी, वायरिंग, सोलर मिळून 5 लाख, कागदपत्रं आणि किरकोळ 1 लाख. एकूण 14 लाख. मामा खूश. 14 लाखांचं एक खातं आहेच, ते मोडायचं की झालं! दोन वर्षं उलटली असल्यामुळे मुदतीआधी मोडल्याची कपात 1 टक्का, म्हणजे फक्त 14,000.

इथे मी पहिला ब्रेक मारला. कपात 14,000 ची दिसते, पण खरा खर्च व्याजाचा आहे. 14 लाखांवर महिन्याला 9,567 रुपये येत होते, ते त्या दिवसापासून बंद. गाडी अंगणात नुसती उभी राहिली, एक थेंब डिझेल जळलं नाही, तरी दर महिन्याला 9,567 गेले. वर गाडी जुनी होत जाणार. आठ वर्षांनी तिचे 6 लाख आले तर घसारा वर्षाला 1 लाख. इकॉनॉमिक्सच्या सरांनी 'ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट' शिकवली तेव्हा मी मागच्या बेंचवर जर्नल उतरवत होते. ती मला अंजनगावच्या ओसरीवर समजली.

दुसरी गोष्ट, असल्या गाडीचे खर्च दोन जातींचे असतात. काही दिवसावर चालतात, काही किलोमीटरवर. जेवण, औषध, विमा, फोन हे दिवसावर. तुम्ही अंजनगावात असा की कन्याकुमारीला, फारसा फरक नाही. किलोमीटरवरचा खर्च मात्र पूर्णपणे आपल्या पायाखाली, म्हणजे ॲक्सिलरेटरखाली असतो. लादलेली ट्रॅव्हलर लिटरला 10 किलोमीटर धरा, डिझेल 90 रुपये धरा. झाले किलोमीटरला 9. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग यांचे 3. एकूण 12 रुपये.

मामांचा पहिला प्लॅन होता रोज 100 किलोमीटर. "भारत मोठा हाय, लेकी." महिन्याला 3,000 किलोमीटर म्हणजे 36,000 रुपये नुसते रस्त्यावर सांडायचे. पेन्शन 38,500! मग मी 800 किलोमीटरवर हिशेब मांडला. रस्त्याचे 9,600. गाडीचा विमा, टॅक्स, पीयूसी महिन्याच्या हिशेबानं 3,000. जेवणखाण 12,000. रात्रीच्या मुक्कामाचे, म्हणजे महिन्यातल्या दहा रात्री 300 रुपयांप्रमाणे, 3,000. गॅस 1,000, फोन 700, मामांची शुगरची आणि मामींची थायरॉइडची औषधं 3,000, आरोग्य विमा 3,300, टोल 1,000. अंजनगावच्या बंद घराचा टॅक्स, लाइट बिल आणि झाडलोट 1,500. दुरुस्तीसाठी बाजूला 4,000. आणि मामींनी सांगितलेली एक ओळ, जी माझ्या एक्सेलमध्ये नव्हतीच: आहेर आणि पाहुणे, 3,000. "आपुन गावात नसलो म्हनून लग्नाचे कार्ड थांबत नाईत."

बेरीज 45,100. आवक किती? पेन्शन 38,500 आणि उरलेल्या 6 लाखांचं व्याज 4,100, एकूण 42,600. महिन्याला अडीच हजार कमी पडतात. 600 किलोमीटरवर आणलं तर खर्च 42,700 होतो आणि तोंडमिळवणी जेमतेम होते. रोज 100 किलोमीटर केले तर तूट 28,900, आणि अडचणीचे 6 लाख दोन वर्षांच्या आत साफ.

म्हणजे या सगळ्या अंदाजपत्रकात खरा नळ एकच आहे, वेग. जेवणात कपात करून महिन्याला हजार वाचतील, हळू जाऊन वीस हजार वाचतात. आमच्या गावातून शकुंतला जायची. मूर्तिजापूर ते अचलपूर, पाऊणशे किलोमीटरला चार तास. मामा तिच्यातूनच लहानाचे मोठे झाले. मी म्हटलं, मामा, शकुंतलेच्या चालीनं गेलात तरच परवडेल. ते मात्र त्यांना पटलं.

या हिशेबात महागाई अजून धरलेलीच नाही. पेन्शनला महागाई भत्त्याचा टेकू आहे, व्याजाला कसलाच नाही. आजचे 4,100 मुदत संपेपर्यंत 4,100च.

आता थोडं आपलं इंजिनिअरिंग. पाणी 100 लिटर म्हणजे 100 किलो, आणि दोन माणसांना ते कसंबसं दोन दिवस पुरतं. छतावर 400 वॅटचं सोलर बसवलं, रोज साडेचार तास चांगलं ऊन धरलं आणि पाव भाग वाया जातो असं मानलं तर मिळतात 1,350 वॅट-तास. छोटा फ्रिज 500, कमी विजेचा पंखा दहा तास 300, दिवे आणि मोबाईल 150. भागतं की! मग मामा म्हणाले, "अन् एसी?" एसी एका तासाला साधारण 1,000 खातो. रात्रभराचे आठ तास म्हणजे 8,000. सहा पट सोलर छतावर मावत नाही. आणि वऱ्हाडातला मे महिना, पारा 45 च्या पुढे, पत्र्याची गाडी... तो रोडगे भाजायचा प्रकार होईल. एक तर चिखलदऱ्याला चढायचं, नाहीतर घरी कूलरसमोर बसायचं. घर विकायचं नाही हे इथेच ठरलं.

घर न विकायचं दुसरंही कारण आहे. पेन्शनवाल्याला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून 'जीवन प्रमाण'मुळे तो बोटाच्या ठशावर कुठूनही देता येतो हे खरं, पण रेशन कार्ड, मतदान, बँक, दवाखान्याची फाइल, सगळ्यांना पत्ता हवा. अमेरिकेतल्यासारखा टपालापुरता पत्ता विकत घेण्याची सोय आपल्याकडे नाही. आणि गाडी बिघडली की घरच गॅरेजमध्ये! मेकॅनिक 'चार दिवस लागतील' म्हणतो तेव्हा चार दिवसांचं लॉजभाडंही दुरुस्तीतच धरावं लागतं. हे मी 4,000 मध्ये धरलं नव्हतं, नंतर लक्षात आलं.

कागदपत्रांबद्दल एकच सांगते. गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-124 नावाचं स्टँडर्ड आहे. फॅब्रिकेशनला पैसे देण्याआधी आरटीओत विचारायचं, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनीला बोट दाखवायला आयतं कारण मिळतं. टोलचंही तसंच. 15 ऑगस्ट 2025 पासून राष्ट्रीय महामार्गांवर 3,000 रुपयांत 200 फेऱ्यांचा पास निघाला, पण तो खासगी कार, जीप, व्हॅनला. आपली गाडी आरसीवर कोणत्या वर्गात आहे ते बघूनच ही बचत धरायची. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनंही त्याच वर्षी आणलं. पण दोन्हींचा विचार चार दिवस फिरायला येणाऱ्या पर्यटकाचा आहे, बाराही महिने राहणाऱ्या शिक्षकाचा नाही.

हे सगळं मी तीन रात्री बसून एक्सेलमध्ये मांडलं. रंगीत ग्राफ वगैरे. भाऊबीजेच्या दिवशी सगळ्यांसमोर लॅपटॉप उघडला. मामा, बाबा, मावसा, सगळे 'वा वा' करत होते. मामींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् हे नसान तं गाडी कोन चालवीन?"

खरं सांगते, मला व्हायवात एवढं गप्प कोणी केलं नव्हतं. माझ्या 42 ओळींच्या शीटमध्ये मामींसाठी एकही ओळ नव्हती. मुलगी असून!

मग ती ओळ लिहायला बसले. पेन्शनवाला गेल्यावर बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत तसं झालं तर काही काळ जास्त दर असतो, पण पुढे धरायचा तो शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्के. 70,000 चे 21,000, त्यावर भत्ता 10,500, एकूण 31,500. आज हातात येणाऱ्या 38,500 शी तुलना केली तर फक्त 7,000 ची घट दिसते, कारण मामांनी विकलेला भाग कुटुंब निवृत्तिवेतनातून कापला जात नाही. पण 15 वर्षांनंतर मामांची पेन्शन पूर्ववत होऊन 52,500 झाली असेल आणि तेव्हा वेळ आली, तर ती एकदम 31,500 वर येईल. त्यात पदरात 6 लाखांचंच व्याज, आणि अंगणात एक जुनी ट्रॅव्हलर जी मामींना ना चालवता येते ना विकता येते. आणि हा काही अगदी टोकाचा विचार नाही. पंचावन्ननंतर लायसन्सचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. मामांना शुगर आहे. माणूस ठणठणीत राहूनही डोळ्यांमुळे स्टिअरिंग सुटू शकतं.

त्यानंतर मी शीट उलटी केली. वरून मामांच्या आकड्यापासून नाही, खालून मामींच्या आकड्यापासून सुरू केली. मामी एकट्या असल्या तरी जे मोडणार नाही तेवढंच खर्चायचं. 14 लाखांच्या खात्याला हात लावायचा नाही. 6 लाखांचं खातं मोडून त्यातल्या 5 लाखांत जुनी ईको घ्यायची. मागे खालच्या खणासकट एक फळी, गादी, शेगडी, बस्स. गाडीत कायमचे बदल नाहीत म्हणून आरटीओचं झेंगटही नाही. कायमचं निघायचं नाही. दिवाळीला हयातीचा दाखला देऊन निघायचं आणि होळीपर्यंत महिन्याला 600 किलोमीटरच्या आत राहायचं. धनगरही दिवाळीनंतर निघतात आणि पावसाळ्याला घराकडे वळतात, ते काही वेडे नाहीत. रात्री जिथे मिळेल तिथे धर्मशाळा. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे गाडगेबाबांनी धर्मशाळा उभ्या करून ठेवल्यात. या हिशेबात मामांच्या हातात महिन्याला 48,067 येतात आणि मामी एकट्या असल्या तरी 41,067.

मावसांनी मध्येच फाटा फोडला, "एवढं कायले? एसटीनं फिरा ना!" त्यांचंही चुकीचं नाही. 25 जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीला सहा किलोमीटरच्या टप्प्याला साधारण 10 रुपये पडतात. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. दोघांचे मिळून 100 किलोमीटरला 250 रुपये, ट्रॅव्हलरचे 1,200. मामा 65 चे झाले की त्यांचंही अर्धं आणि 75 ला फुकट. हिशेबानं एसटीच जिंकते. पण मामींनाच ते नको होतं. त्या म्हणाल्या की चौतीस वर्षं यांच्या बदल्यांपायी एसटीत बोचकी चढवली, आता नाही.

जानेवारीत शेजाऱ्यांची ईको मागून चार दिवसांची ट्रायल झाली. अंजनगावहून शेगाव, तिथून लोणार आणि परत. मीही गेले, मागच्या फळीवर. खर्चाची वही मामींकडे होती. पेट्रोल 3,100. जेवण फक्त 900, कारण मामींनी दशम्या आणि ठेचा बांधून घेतला होता. चहा 640! चार दिवसांत 640 रुपयांचा चहा, कारण मामा दिसेल त्या टपरीवर गाडी थांबवायचे. माझ्या शीटमध्ये चहाची ओळही नव्हती. आणि मीटरवर 412 किलोमीटर, म्हणजे रोजचे 103. शकुंतलेची चाल वगैरे सगळं ओसरीवरच राहिलं. मामींनी वहीत 412 लिहून त्याला लाल पेनानं गोल केला आणि वही मामांच्या हातात दिली.

ईको अजून घेतलेली नाही. मामींनी मात्र लर्निंग लायसन्स काढलंय. रोज सकाळी मामा त्यांना शकुंतलेच्या बंद स्टेशनाकडच्या रस्त्यावर शिकवायला नेतात. परवा फोनवर विचारलं, कसं चाललंय? तर म्हणाल्या, "तिसऱ्या गिअरच्या पुढे मले टाकूच देत नाईत. म्हन्ते, डिझेल लागते." शेजाऱ्यांची ईको पेट्रोलवर चालते, हे मी त्यांना सांगितलं.